नमुना काढल्यावरही राहिलेली खाच

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एका परिषदेत माझं पोस्टर लावून उभी होते. सिलिकॉनच्या चकतीवरचा पातळ थर कुठला अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश शोषतो, हे माझं काम. माझ्या आलेखात प्रकाश शोषला गेल्याची एक बारीक खाच होती. अशा थरात ती आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. आईने तर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सांगूनही टाकलं होतं, की हिने काहीतरी शोधलंय.

पन्नाशीच्या एक बाई आलेखापुढे थांबल्या. ग्रहांच्या वातावरणावर काम करणाऱ्या.

"शुक्राचं निरीक्षण कुठून केलंत?"

"शुक्र नाही, मॅडम. हा पातळ थर आहे."

"असं? पण ही खाच कार्बन डायऑक्साइडची वाटते. शुक्राची हवा जवळजवळ सगळी त्याचीच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नमुना काढून, नुसतं रिकामं यंत्र मोजलंत?"

मोजलं होतं. अगदी सुरुवातीला, एकदाच. पुढे प्रत्येक वेळी तेच जुनं मोजमाप वजा करत आले होते.

पोस्टर तिथंच सोडून रिक्षाने प्रयोगशाळा गाठली. चकती काढली, यंत्र सुरू केलं. खाच जागच्या जागी! यंत्रातली हवा बाहेर काढण्यासाठी नायट्रोजन सोडणारी नळी त्या पहिल्या मोजमापानंतर कधीतरी आतून निसटलेली होती. नमुना बसवायला मी रोज आत वाकायचे. दोन वर्षं मी खोलीतली हवा आणि स्वतःचा श्वास मोजत होते.

माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. त्यांनी आलेख पाहिला. "चला, तू जिवंत आहेस एवढं तरी सिद्ध झालं," म्हणाले आणि छपाईला गेलेला पेपर मागे घ्यायचं पत्र माझ्याच हातून लिहून घेतलं.

पुढचे दोन आठवडे मी घराबाहेर पडले नाही. मग त्या बाईंना मेल पाठवला: शुक्राचा आलेख बघायला मिळेल का? उत्तर लगेच आलं, "या. तिथे तरी ती खाच खरी आहे."

त्यांच्या पडद्यावर ती खाच नव्हतीच, दरी होती. तिच्या रुंदीवरून त्यांनी मला तिथल्या हवेचा दाब वाचून दाखवला. कोट्यवधी किलोमीटरवरून! मी तिथेच विचारलं, तुमच्याकडे काम करता येईल का?

सरांनी विषय आणि मार्गदर्शक बदलायला मंजुरी दिली. प्रबंध उशिरा झाला, पण शुक्रावर झाला. आता तेच माझं काम आहे.