बागवानिणीचं दूध

"आणा की गं तो भोंगा!"

वॉर्डाच्या दारातूनच तिची हाक यायची. आत आली की डोक्यावरची चुंबळ काढून खुंटीला अडकवायची, भिंतीकडे तोंड करून बसायची आणि न बघताच एक हात मागे पसरायची. त्या हातावर यंत्र पडायला उशीर झाला, तर दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी असे.

भोंगा म्हणजे काय, ते आधी सांगते. मी तेव्हा कोल्हापुरात बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकत होते. बाळंतिणीचं दूध काढायचं एक काचेचं यंत्र आमच्याकडे होतं. पुढे पसरट तोंड, खाली दूध साठायला काचेचा फुगा आणि मागे रबरी चेंडू. चेंडू दाबून तोंड छातीला लावायचं आणि चेंडू हळूहळू सोडायचा, की दूध ओढलं जाऊन फुग्यात पडे. महाराजांच्या मोटारीला असाच रबरी चेंडूचा भोंगा होता आणि तो वाजला की सारा रस्ता दुतर्फा उभा राहायचा. तेव्हा आमच्या यंत्राचं बारसं तिनं केलं, यात नवल नाही.

ती दवाखान्याच्या फाटकाशी फळं विकायची. पेरू, केळी, कधी अंजिरं. सगळे तिला बागवानीणच म्हणत; मी मावशी म्हणायचे. आवाज असा, की ती भाव सांगत असली तरी लांबून भांडण चाललंय असं वाटावं. कुणी फळ चाचपायला लागला की म्हणे, "दाबून काय बघतोस? पेरू हाय, म्हस न्हाय!" आणि इकडच्या पुष्कळ बायकांसारखी स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलायची.

मध्ये काही दिवस ती दिसली नाही. मग एका सकाळी पाटी डोक्यावर घेऊन थेट वॉर्डात आली. आम्हाला वाटलं, फळं आणली. तिनं पाटी खाली ठेवली, वरचं फडकं काढलं. आत पिंजलेला कापूस आणि कापसात एक मूल. आठव्या महिन्यातच घरी जन्मलेली मुलगी. केवढीशी होती म्हणून सांगू; पाटीत अजून बरीच जागा उरली होती.

"नरसबाई, हिला चोखाया येत न्हाय. तोंड लावती आन झोपती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आधीची दोन गेली माझी. ही न्हाय जाऊ देणार."

डॉक्टरीणबाईंनी मूल तपासलं. ओढायची ताकद नाही, पण गिळता येतंय, म्हणाल्या. आईचं दूध काढून बोंडल्यानं थेंब थेंब पाजायचं, आणि काढत राहायचं, नाही तर ते आटेल.

मी यंत्र पुढे केलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्यो तर मोटारीचा भोंगा! वाजतोय का?"

पहिल्या खेपेला फुग्याचा तळही ओला झाला नाही. कपाळावर घाम आला, चेंडू दाबून दाबून बोटं दुखली. तिनं फुगा उजेडाला धरला. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" पण तेवढंच मी बोंडल्यात घेऊन मुलीच्या ओठांशी नेलं आणि तिनं ते गिळलं. मावशी त्या गळ्याकडे एकटक बघत होती. "पुन्यांदा द्या," म्हणाली.

मुलगी वॉर्डातच राहिली. कापसात, गरम पाण्याच्या बाटल्यांच्या उबेत. मावशीनं चार दिवसांत परत फाटकाशी दुकान मांडलं. छाती भरून आली की गिऱ्हाईक तसंच सोडून आत यायची. "बसा पावणं, पोरीला जेवाय घालून आलोच." पावणे बसत. मी खिडकीतून पाहिलंय, एखादा तर तिच्या वतीनं केळीही विकत असे.

दूध वाढलं, मुलगी जराशी भरली, आणि नेमका यंत्राचा चेंडू फुटला. उन्हानं रबर तडकलं होतं. दुसरा मुंबईहून मागवायचा, म्हणजे कधी येईल कुणी सांगावं? हातानं दूध काढून पाहिलं. पण तिच्या छातीत गाठी झाल्या होत्या, बोट लावलं की ती ओरडे. अंगात कणकण आली. संध्याकाळी फुटका चेंडू पदरात बांधून ती कुठे तरी गेली.

गेली होती महाराजांच्या मोटारखान्यात. तिथला ड्रायव्हर तिचा जुना गिऱ्हाईक. त्याच्याकडे भोंग्याचं रबर मागितलं. त्यानं साहजिकच विचारलं, "तुला कशाला गं?"

"दूध काढाया. माझं!" तिनं भरल्या आवारात सांगितलं.

हे तिनंच आम्हाला हसत हसत सांगितलं. ड्रायव्हर म्हणे इतका लाजला, की पुढचं काही न विचारता आत गेला आणि एक जुना चेंडू आणून तिच्या पाटीत टाकून, पाठ फिरवून उभा राहिला. चेंडू मोठा होता. आम्ही तो उकळून धुतला, काचेवर दोऱ्यानं आवळून बसवला. पुरता दाबला तर फार ओढे, म्हणून तिला अर्ध्यावरच दाबायला शिकवलं. दोन दिवसांत गाठी विरघळल्या.

पुढे तर मुलीला पुरून दूध उरू लागलं. त्याच सुमारास वडगावकडच्या एका शेतकऱ्याच्या घरची सून आमच्याच वॉर्डात बाळंत होऊन तापानं फणफणली होती. तिला दूध नव्हतं. मुलगा रडून रडून आता रडेनासा झाला होता. गाईचं दूध त्याच्या पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मावशीला विचारलं. मावशीनं नुसतं खुंटीकडे चुंबळ भिरकावली आणि बसली.

सुनेची सासू मात्र आडवी आली. "आमच्यात मुसलमानाचं चालत न्हाय."

"माझी केळी चालत्यात की तुम्हास्नी," मावशी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"केळी झाडाची. ह्ये अंगाचं हाय."

मावशीनं पुन्हा चेंडू दाबला. फुगा भरला, माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि फाटकाशी निघून गेली. मी दूध बोंडल्यात ओतून म्हातारीच्या शेजारी ठेवलं. म्हातारी त्याकडे बघेना. मग मुलानं नुसतंच तोंड उघडलं, आवाज काही आला नाही. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं.

"काचेतनं आलंय न्हवं?"

"हो."

"म्हंजे दवाखान्याचं औषधच की ह्ये," ती म्हणाली आणि तिनंच बोंडलं उचललं.

मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "असू दे. प्यालं न्हवं?"

सून बरी होऊन तिला पान्हा फुटेपर्यंत मावशी दोघांचं दूध काढत होती. तिची मुलगी तोवर अंगावर प्यायला शिकली. पहिल्यांदा तिनं नीट ओढलं, तेव्हा मावशी एवढ्यानं ओरडली की काही तरी झालं म्हणून आम्ही धावलो.

वडगावची म्हातारी दर वर्षी गुऱ्हाळं संपली की नातवाला घेऊन यायची. फाटकाशी बैलगाडी थांबवून गुळाची ढेप मावशीच्या पाटीशी ठेवायची. दोघी फार बोलत नसत. मुलं एकमेकांना ढकलत खेळायची आणि मावशी नातवाच्या दंडाला हात लावून बघायची.

जर्मनीशी चाललेली लढाई संपता संपता तापाची मोठी साथ आली. आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एक दिवस फाटकाशी तिची जागा रिकामी दिसली, दुसऱ्या दिवशीही. मग कुणीतरी सांगितलं, बागवानीण गेली. ती दवाखान्यात आलीच नव्हती. वॉर्डात खाट रिकामी नव्हती, हे तिला फाटकातून दिसत होतं.

त्या वर्षी म्हातारी आली तेव्हा मीच तिला सांगितलं. ती ढेप कडेवर धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "घर दावा."

मी तिला घेऊन गेले. दारात मावशीचा नवरा गुडघ्यात मान घालून बसला होता. मुलगी पेरू पुसून पाटीत लावत होती. म्हातारी त्या घरच्या पायरीवर बसली. तिनं मुलीला जवळ ओढलं, पदरानं तिचं नाक पुसलं.

"जेवलीस?"

मुलीनं मान हलवली. नाही.

म्हातारीनं ढेप नातवाच्या हातात दिली, "फोड, आन बहिणीला दे," म्हणाली. मग तिनं पदर खोचला, "चूल कुठं हाय?" असं मुलीला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. थोड्या वेळानं कौलांतून धूर निघायला लागला.