दोन रेघांची पट्टी

"आडनाव काय रे तुझं? गाव कुठलं?"

विचारणारे पुण्याचे डॉक्टर. जागा सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठातली प्रयोगशाळा, आणि मी तिथले एसी दुरुस्त करणारा. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावर सिकलसेलचा आजार सांगणारी स्वस्त कागदी पट्टी ते बनवत होते. ती तपासायला आम्हा कामगारांचं रक्त घेत होते. परमुलखात मराठी ऐकून मी हरखलो होतो. मूर्खासारखं आडनाव सांगितलं, चंद्रपूर जिल्हा सांगितला. त्यांची नजर बदलली. ती नजर मी शाळेपासून ओळखतो.

"मग तुझं रक्त कामाचं. तुमच्या लोकांत असतंच हे."

शेजारी सौदी विद्यार्थी उभा होता. मला रोज सदीक म्हणतो, म्हणजे मित्र. त्याच्या सख्ख्या भावाला हाच आजार. त्याला नाही कुणी म्हणालं, तुमच्या लोकांत असतंच.

तरी बोट पुढे केलं. गरज माझी होती. गावी बायकोला तिसरा महिना, आणि तपासणीत ती वाहक निघाली होती. नर्सबाई म्हणाल्या, नवऱ्याचंही बघा, दोघं वाहक असाल तर बाळाला आजार होऊ शकतो. माझी धाकटी बहीण त्यानंच गेली. हातपाय धरून रडायची आणि मास्तर म्हणायचे, ढोंग करते. आम्हा कामगारांच्या कॅम्पच्या दवाखान्यात तपासून घ्यायची भीती वाटायची. अनफिट लिहिलं की खलास, थेट परतीचं विमान.

सुई टोचली. मी विचारलं, माझं काय निघालं ते सांगाल ना सर?

"निकाल तुझ्यासाठी नाही. परीक्षा पट्टीची आहे, तुझी नाही. जा, एसी बघ."

डोक्यात सणक गेली. रक्त माझं, बाळ माझं आणि निकाल यांचा? जन्मभर 'बरं सर' म्हणून मागे फिरलो. त्या दिवशी पाय हलले नाहीत.

"मग माझं रक्त परत द्या."

डॉक्टर लालबुंद झाले. कंपनीला कळवतो म्हणाले. कळवा म्हटलं, आणि पट्टीसमोर उभा राहिलो. दहा मिनिटांनी रेघा उमटल्या. एक असती तर सुटलो असतो. दोन होत्या. म्हणजे मीही वाहक, हे त्या विद्यार्थ्यानं डॉक्टरांसमोरच मला सांगितलं.

बाहेर येऊन बायकोला फोन केला. म्हटलं, उद्याच जिल्ह्याला जा, पोटातल्या बाळाची तपासणी माग. ती रडली. मीही रडलो, लपवत नाही.

कंपनीनं त्या इमारतीतली माझी ड्यूटी काढली. काढू दे. शुक्रवारी डॉक्टर सुया घेऊन कॅम्पात येणार आहेत. मी खोलीखोलीत जाऊन सांगून आलोय. ज्याचा निकाल त्याच्या हातात देणार, हे त्यांनी आधी कागदावर लिहून सही करायची. तोवर आमच्यातलं एकही बोट पुढे होणार नाही.