मामांचा कान आणि विजेचं इंजिन

आमच्या चुडाव्यात घड्याळ बघून स्टेशनला निघणारा माणूस एकतर पाहुणा असायचा, नाहीतर बदलीवर आलेला नवा मास्तर. गाडीनं कधी घड्याळ बघितलं नाही, मग आम्ही का बघावं? आमच्याकडं कान होता. माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणते. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते सकाळी ओट्यावर बसत, नांदेडकडं तोंड करून. लिंबाच्या झाडांआडचे रूळ काही दिसत नाहीत, पण डिझेल इंजिनाची धडधड लांबून यायची. मालगाडी का पॅसेंजर, हे मामा चहा पिता पिता सांगत. “उठा, यायलीय,” ते म्हणाले की मी डबा पिशवीत टाकायचे आणि गल्लीतले सगळे अपडाऊनवाले चपला शोधायचे. “काका, निघू का?” असं जो तो विचारायचा. मामा अशी मान हलवायचे, जणू हिरवा झेंडा यांच्याच हातात! पण खरं सांगते, रिटायर माणसाला गावात उरलेलं ते एकच काम होतं, आणि ते त्यांनी जिवापाड जपलं होतं.

मग कळलं, आपल्याकडं विजेची गाडी येणार. मुंबईकडं विजेवर गाड्या धावायला लागल्या तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं. निजाम गेला, त्याच्या राज्यातली म्हातारी माणसंही गेली, आणि मग वरातीमागून घोडं यावं तसे रुळाच्या कडेला खांब आले. नुसते खांब. कावळ्यांची मात्र उत्तम सोय झाली. पुढं कधीतरी तारा ओढल्या, “तारेजवळ जाऊ नका, जीव जाईल” अशा पाट्या लागल्या, आणि त्या तारांखालून धूर सोडत ऐटीत धावलं ते डिझेलच. लय पुढारलो बाई आमी!

शेवटी एका सकाळी गळ्यात हार घालून विजेचं इंजिन आलं. आलं आणि गेलंही. मी भाकरी थापत होते, शेजारचे गुरुजी तोंडाला साबण लावून बसले होते, आणि मामा ओट्यावर कान लावून. गाडी गेल्याचं सांगितलं कुणी, तर स्टेशनवरून रिकाम्या परतलेल्या रिक्षावाल्यानं. गुरुजी तसेच साबणासकट बाहेर आले. मामांचा चेहरा लालबुंद. “चोरावानी आली,” ते म्हणाले. “गाडी हाय का मांजर?” चूक गाडीचीच आहे, हे सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. आमच्या गल्लीत एकमत झाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

पण एकमतावर पगार मिळत नाही. हळूहळू जो तो मोबाइलमध्ये गाडी बघू लागला. मोबाइल तरी काय, दोन स्टेशनं मागं असलेली गाडी पुढं दाखवणारा महाभाग! तरी माणसं त्याचं ऐकायची आणि ओट्यासमोरून मुकाट जायची. काकांना कुणी विचारीना. मला त्याचं इतकं वाईट वाटायचं की मी आत मोबाइल बघून बाहेर यायचे आणि भोळेपणानं विचारायचे, “मामा, निघू का?” त्यांनी “थांब जरा” म्हटलं तर, “आज ऑफिसात घाई हाय,” म्हणून सटकायचे. सून खोटं बोलायलीय हे त्यांना कळत होतं का, देव जाणे. दिवसभर मात्र ते विजेच्या इंजिनाला शिव्या द्यायचे. आम्हीही माना डोलवायचो. बिनआवाजाची गाडी ऐकू कशी यावी म्हाताऱ्या माणसाला!

परवाची गोष्ट. तारेत काहीतरी बिघाड झाला होता म्हणे. मी डबा भरत होते आणि मांडणीवरची ताटं थरथरायला लागली. डिझेल! तीच ती धडधड, इतक्या दिवसांनी. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! आज मामा रुबाबात “उठा” म्हणणार आणि मी खरोखर त्यांचं ऐकून निघणार. पदराला हात पुसत मी दारात येऊन उभी राहिले.

मामा नांदेडकडं तोंड करून बसले होते. धडधड जवळ आली. लिंबावरची पाखरं उडाली. मामांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. भोंगा असा वाजला की मीच दचकले. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

आम्ही सगळे त्या इंजिनाला दोष देत बसलो होतो!

त्यांची नजर माझ्याकडं गेली. “बस की,” ते म्हणाले. “वेळ हाय अजून. ह्या लाईटीच्या गाडीचा काय भरवसा, गुपचूप यायची. पण मी हाय ना.”

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. गाडी थांबली, परत भोंगा देऊन सुटली, पूर्णेकडं निघून गेली.

“आली न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

“न्हाई, मामा,” मी म्हणाले. मग त्यांच्या कानाशी वाकून, पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाले, “न्हाई आली अजून.”