नाइकांच्या अर्जातलं एक वाक्य

गेनबा नाईक गेल्याची बातमी मला शेळ्या घेऊन खोऱ्यात उतरलेल्या एका धनगराने दिली. निवृत्त झाल्यापासून मी मुठ्याला थोरल्या भावाकडे राहतो. आमच्या अंगणात उभ्याने पाणी पिऊन त्याने तांब्या पालथा घातला आणि म्हणाला, "आंबोलीचं नाईक गेलं की वं मास्तर. धा-बारा दिस झालं." म्हणजे दहावाही उरकला होता, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. मी आत गेलो, फळीवरची पत्र्याची पेटी काढली आणि त्यांचा अर्धा लिहून ठेवलेला अर्ज उगाचच खालीवर करत बसलो. नंतर पेटी ठेवली, पुन्हा काढली. भाऊ म्हणाला, अरे बस जरा एका जागी. गेले सहा आठवडे तो हेच म्हणतोय, आणि मला काही बसवत नाही...

कासार आंबोलीच्या शाळेत मी चौदा वर्षं होतो. तिथे गेलो तेव्हा लढाई संपून फार दिवस झाले नव्हते आणि गेनबा पलटणीतून नाईक होऊन घरी परतले होते. लढाईला जाण्याआधी हा गडी यात्रेत देवाची काठी खांद्यावर घेऊन डोंगरावरच्या देवळापर्यंत एका दमात चढायचा, असं गाव सांगतं. मी पाहिलेले नाईक शाळेच्या पाच पायऱ्या चढताना तिसरीवर थांबायचे आणि वर झाडात काहीतरी दिसल्यासारखं करायचे. ब्रह्मदेशच्या जंगलात त्यांनी दोन पावसाळे ओल्या कपड्यांत काढले होते. तिथेच न्यूमोनिया झाला, आणि त्यातून उठले ते दमा घेऊनच. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून ओटीवरच्या सागवानी खांबाला पाठ टेकून बसल्या-बसल्याच झोपायचे. वर्षानुवर्षं त्या एकाच जागी टेकून टेकून खांबाला त्यांच्या पाठीएवढा काळा तुकतुकीत डाग पडला होता.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नोकरीत जडलेल्या आजारासाठीही पेन्शन मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि ते कागद घेऊन माझ्याकडे आले. गावात अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच असे. विहिरीचे, नुकसानीचे, पोटखराब जमिनीचे कितीतरी अर्ज मी लिहिले होते, आणि खोटं कशाला सांगू, त्याची मला घमेंड होती. माझी एक रीत होती. अर्ज म्हणजे सरकारपुढे पदर पसरणं, तेव्हा आधी बापजाद्यांची दैना मांडायची, साहेबाचं मन पातळ करायचं आणि मग मागणीवर यायचं. मी नाइकांना विचारलं, काय काय घालू? ते म्हणाले, "तुमाला सुचंल त्ये लिवा."

मला सुचलं ते असं: अर्जदाराचे वडील व आजोबा याच व्याधीने गेले असून घराण्यामागे हा भोग पिढ्यान्‌पिढ्या लागला आहे. खरं म्हणजे नाइकांचे वडील हिरड्याच्या झाडावरून पडून गेले होते, आणि आजोबांबद्दल मला काडीची माहिती नव्हती. पण वाक्य कसं उतरलं होतं! लिहून झाल्यावर मी विचारलं, वाचून दाखवू का? ते म्हणाले, तुम्ही लिहिलंय ना, मग झालं. आणि शिकलेली तेवढी सही वळणदार अक्षरात करून मोकळे झाले.

उत्तर यायला वर्ष लागलं. गावात आलेलं सरकारी पत्र शाळेच्या ओट्यावर सगळ्यांदेखत वाचायचं, ही तिथली पद्धत. दहा-पंधरा माणसं जमली होती. मी एक ओळ वाचायचो आणि तिचं मराठी करून सांगायचो. हा आजार अर्जदाराच्या घराण्यातला आहे, सबब लष्कराच्या नोकरीशी त्याचा संबंध नाही, मागणी नामंजूर. हे मी मोठ्या आवाजात, वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. आपण काय वाचलं ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. पत्राची घडी घालून ती नाइकांनी टोपीत ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले.

पैसे गेले त्याचं एवढं काही नव्हतं. पोटापुरता भात पिकत होता. पण संध्याकाळपर्यंत घरोघर झालं की नाइकांच्या घराण्यात दमा आहे, सरकारनंच लिहून दिलंय. त्यांची यमुना तेव्हा सातवीत माझ्या हाताखाली होती, हुशार आणि खणखणीत पोरगी. पुढे तिला स्थळं येऊ लागली. पिरंगुटचं आलं, भूगावचं आलं, एक तर पार बावधनहून आलं. पाहुणे पोहे खायचे, मुलगी पसंत करायचे, आणि वाटेत कुणीतरी त्यांच्या कानात तेवढं सांगायचं. मग निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. तिसऱ्या निरोपानंतर नाईक शाळेत आले, तिसऱ्या पायरीवर न थांबता आले, म्हणून मग कितीतरी वेळ त्यांना बोलताच येईना.

"पैशे ऱ्हाऊ द्यात मास्तर," ते म्हणाले. "माज्या घरात ह्यो रोग न्हवता. पलटनीत लागलाय. तेवढं त्येंनी लिवावं. मला दुसरं काय बी नगं."

तिथून आमचं भांडण सुरू झालं. भांडण कसलं, मी लिहायचो आणि ते सही करायचे. पावसाळ्यातल्या छावण्यांचं लिहिलं, फिरत्या इस्पितळाचं लिहिलं, बरोबरच्या दोन शिपायांचे जबाब जोडले. त्या पहिल्या वाक्याबद्दल मात्र दरवेळी 'नजरचुकीने लिहिले गेले' एवढंच लिहायचो. कुणाच्या नजरचुकीने, ते कधी लिहिलं नाही. शाळामास्तराने सरकारी अर्जात मनचं रचून लिहिलं हे बाहेर आलं तर नोकरी जाईल, ही भीती. घरात खाणारी पाच तोंडं. दरवेळी ठरवायचो, या खेपेला लिहून टाकू. आणि दरवेळी पाकीट बंद केल्यावर हायसं वाटायचं. याची मला आज लाज वाटते.

एकदा त्यांना पुण्याला लष्करी दवाखान्यात तपासणीला बोलावलं. आता डॉक्टर डोळ्यांनी बघतील, निकाल लागलाच, म्हणून मीही सोबत गेलो. पौडहून येणाऱ्या एसटीत पिरंगुटच्या घाटापर्यंत त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती, आणि मला, देव क्षमा करो, बरं वाटत होतं. दवाखान्याच्या दारात मात्र त्यांनी पिशवीतून कापड काढून बूट पुसले, मिशा नीट केल्या आणि आत गेले. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. गणवेशातला डॉक्टर बघताच त्यांनी टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि श्वास रोखून धरला. चेहरा काळानिळा पडत चालला, पण खोकल्याचा एक आवाज काढला नाही. डॉक्टरने विचारलं, काय त्रास होतो? हे म्हणाले, "सब ठीक है साब."

बाहेर आल्यावर भिंतीला धरून असे खोकले की रस्त्यावरची माणसं थांबली. मी मात्र तिथेच तोंड सोडलं. म्हणालो, अहो, हेच दाखवायला आपण आलो होतो, आता इथे भिंतीला काय दाखवता? ते बऱ्याच वेळाने म्हणाले, "साहेबाम्होरं खोकायचं कसं मास्तर? पलटनीत न्हाई चालत." त्यावरून मी त्यांना किती वर्षं टोचलं! तुमच्याच चुकीने बुडालं, असं चारचौघांतही म्हणालो. ते नुसते हसायचे. मी, ज्याने ते मुळात बुडवलं होतं, तो त्यांना चूक दाखवत होतो!

पुढे कार्यालयाने सगळ्या जुन्या कागदांच्या नकला पाठवल्या. त्या आल्या तेव्हा मी सुट्टीत गावी होतो. परतलो तर नाइकांनी पुडकं दोऱ्याने बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवलेलं. त्यात भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद निघाला: छाती निर्दोष. मी नाचायचाच बाकी होतो. माझ्या पहिल्या अर्जाची नक्कलही त्यात होती, ती मी घाईने खाली घातली. नाईक समोरच बसले होते. म्हणाले, "बगा मास्तर. तुमाला सुचंल त्ये लिवा."

त्या कागदाच्या जोरावर गेल्या वर्षी पेन्शन मंजूर झाली. गावाने पेढे मागितले. पण हुकुमात लिहिलं होतं की आजार मूळचा, लष्करी नोकरीने वाढला. म्हणजे पैसे दिले आणि डाग ठेवला. नाईक खांबाला टेकून बसले होते. तोवर त्यांचं दहा पावलं चालणंही सुटलं होतं. म्हणाले, "मूळचा न्हाई. परत लिवा." एव्हाना मी निवृत्त झालो होतो, नोकरीचं निमित्त उरलं नव्हतं. तरी अर्ज अर्ध्यावर आणून मी अडलो, कारण पुढचं वाक्य मला माहीत होतं. आज लिहू, उद्या लिहू करत होळी गेली, पावसाळा गेला, आणि नाईकही गेले.

दिवाळीनंतर मी आंबोलीला गेलो. यमुना दारात सुपाने भात वारवत होती. आता ती चोविशीची आहे, अजून बिनलग्नाची. तिने पाणी दिलं. मी अर्ज काढून म्हणालो, हा पुरा करून पाठवू का? ती खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, त्या पयल्या अर्जाची नक्कल आल्ती ना, ती मीच आबांस्नी वाचून दावली व्हती."

त्या पुडक्याला आठ वर्षं झाली होती.

"मी लई भांडले. म्हनलं, आत्ता जाऊन इचारते गुरुजींस्नी. आबा म्हनलं, गप ऱ्हा. त्येंनी मायेपोटी लिवलंय. बाहीर पडलं तर मास्तराची नोकरी जाईल. त्येंना सुचंल तवा त्येच लिवतील."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, मग आता काय करू? ती म्हणाली, "सरकारला नगा लिवू. आबाच ऱ्हायलं न्हाईत. जितं पत्र वाचलं, तितं सांगा."

दुसऱ्या दिवशी, आठवड्याच्या बाजारातून माणसं परतली तेव्हा, मी शाळेच्या ओट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं. गेनबा नाइकांच्या घराण्यात दमा नव्हता. त्यांचे वडील हिरड्यावरून पडून गेले. ते वाक्य माझं होतं, मनचं होतं. तेव्हाच्या माणसांतली सहा-सात तरी समोर होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग इतकी वर्सं का न्हाई बोललासा?" मी ओट्यावरून खाली उतरलो. ओट्यावर सांगितलं तेच आज इथे लिहितो आहे, कारण पिरंगुट, भूगाव, बावधनलाही वर्तमानपत्राची ही पुरवणी जाते.

परत आलो तर यमुनाने चहा नेमका खांबापाशी ठेवला होता. मी तिथे बसलो, पण पाठ टेकवेना. आठ वर्षं ते त्या डागाला टेकून माझ्यासमोर बसत होते. मी कागदांत मान घालून चूक कुठे झाली ते शोधत असायचो. सगळं माहीत असलेले नाईक धाप ओसरेपर्यंत थांबून राहायचे आणि मग दरवेळी मला म्हणायचे, तुम्हाला सुचेल ते लिहा.