मार्क नसलेला रॉड

सात रस्त्याजवळचा तो दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाकडं बघायचाच नाही. पाणी तापवायचा रॉड हातात आला की चष्मा पुसून आधी आयएसआय मार्क शोधायचा. माझ्या रॉडची वायर जळली होती आणि मार्क तर नव्हताच.

“जोडणार न्हाय.”

“मार्कची सक्ती आहे का?”

“हाय की. त्याच्याबिगर इकताच येत न्हाय, कायदाच हाय. कायदा नसता तरी मी जोडली नसती.”

“दुसरा कुणी जोडेल,” मी चिडलो.

“जोडू द्या की. पर असल्या रॉडचा करंट कवाबी पाण्यात उतरतो. पाणी तापलं का ते बादलीत हात घालून घरात कोण बघतं?”

“आई.”

“मग त्यांना समदं सांगून इचारा. व्हय म्हणल्या तर या.”

आई लगेच हो म्हणाली असती. म्हणूनच तिला न विचारता मी रॉड तिथंच टाकून दिला.