शेळीच्या मापाची जीप

देवरुखातून निघाले तेव्हा ट्रकच्या हौद्यात पुढे आंब्याच्या पेट्या होत्या आणि मागे माझी जीप. म्हणजे जीपचं जे काही उरलं होतं ते: चासी, इंजिन, चार चाकं आणि स्टिअरिंग. वरची बॉडी पावसानं खाल्ली होती. आमच्याकडे चार महिने जो कोसळतो, त्याच्यापुढे पत्र्याचं काय चालणार? एकदा दाराखालची फळी माझ्या पायासकट खाली गेली आणि मी ती गाडी फणसाखाली उभी केली ती केलीच. चासीला मात्र दरवर्षी जळकं ऑइल फासत आले होते, म्हणून ती ठणठणीत. माझ्या खानावळीचा बाजार, गॅसच्या टाक्या, लग्नांची भांडी, सगळं याच जीपनं वाहिलं. चारी चाकांना जोर लागणारी गाडी आणि ती हाकणारी बाई गावात एकच होती, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

ती चालली होती बीड जिल्ह्यात, माझ्या धाकट्या बहिणीकडे. कुंदा लिंबागणेशजवळच्या डोंगरावरच्या वस्तीत दिलेली, आणि आता तिथल्या बायकांच्या दूध संस्थेची चेअरमन. संस्थेचीही एक जीप होती, माझ्या जीपच्याच जातीची. तिचं दुखणं नेमकं उलटं. दगडांतून पाण्याची पिंपं वाहून वाहून चासीला तडा गेलेला, बॉडी मात्र कोरी करकरीत. पाऊसच नाही तर पत्रा गंजणार कशानं? "ताई, तुझं खालचं अन् आमचं वरचं जोडून एक गाडी करू," कुंदा फोनवर म्हणाली. पुढचं तिनं आवाज उतरवून सांगितलं. भाड्याचा टेम्पो वस्तीवर यायला उशीर करायचा आणि उन्हात दूध नासायचं. दोनदा शीतकरण केंद्रावरून कॅन तसेच परत आले होते. तिसऱ्यांदा आले तर वस्तीचं दूध घेणं बंद, असा निरोप होता. सलग दुसऱ्या वर्षी रानात काही पिकलं नव्हतं. घराघरात चार पैसे येत होते ते एवढ्या दुधावरच.

नगरला आंबे उतरले आणि पुढे मी, ड्रायव्हर आणि चासी अशी तिघंच राहिलो. आष्टीला चहाला थांबलो. बाजार होता, पण बाजारात भाजीपेक्षा प्लास्टिकच्या टाक्याच जास्त. ऊसतोडीवरून परतलेली माणसं बैलांचा दर ऐकून मान हलवत होती. एका फेटेवाल्या आजोबांनी ट्रकला पूर्ण फेरी मारली, हौद्यात डोकावून पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन अगदी काळजीनं विचारलं, "मावशी, वरचं कुटं सांडलं?"

बीडमध्ये सापडणार आहे म्हटल्यावर त्यांनी समाधानानं चहाचा कप बशीत ओतला.

पुढे पाटोद्याकडून बालाघाटचा माळ लागला. आमच्याकडे रस्त्यातून झाडं बाजूला करावी लागतात. इथे एक बाभूळ दिसली की दुसरी दिसेपर्यंत आपण तिचाच विचार करत बसतो. आभाळ मात्र केवढं! मी खिडकीतून तोंड बाहेर काढून बघत राहिले आणि तोंडभर धूळ खाल्ली.

कुंदाच्या दारात पोचले आणि सवयीनं तांब्याभर पाणी भसाभस तोंडावर मारलं. बघते तर माझ्या पायाशी एक घमेलं सरकवलेलं. माझ्या तोंडावरून ओघळलेलं पाणी कुंदानं तसंच उचलून रेडकापुढे ठेवलं, आणि रेडकानं ते माझ्याकडे बघत बघत संपवलं. अशी शरम वाटली की विचारू नका. रात्री ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी) आणि दह्याची कवडी. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. कुंदा बोलत होती आणि मी ऐकत होते. माझी बहीण आता "आमी", "तुमी", "न्हाई" असंच बोलते, आणि ते तिला शोभतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या शेडपुढच्या लिंबाखाली काम सुरू झालं. मिस्त्री अंकुश, कुंदाच्या दिराचा मित्र. हात सोन्याचा आणि बोलणं सतत. मला वाटलं होतं, चार नट खोलायचे, चार आवळायचे. पण गाडी संस्थेची, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला सभा. सीट कोणत्या रंगाची, यावर सभा. हॉर्न कसा वाजावा, यावर सभा. कुंदा ठराव मांडायची, एक सूचक, एक अनुमोदक, आणि मग अंकुशनं पाना उचलायचा. बॉडी चढवायच्या दिवशी तर सगळी वस्ती आली. बांबू घातले, बायकांनी खांदे दिले, आणि पांढरीशुभ्र बॉडी पालखीसारखी हवेत उचलून माझ्या काळ्याकुट्ट चासीवर ठेवली. दोन सोडून सगळी भोकं जुळली. मला इतका आनंद झाला की अंकुशला मिठी मारायचीच काय ती बाकी राहिली.

तेवढ्यात सोजरआक्का उठल्या. या म्हशींसोबत शेळ्या-मेंढ्याही राखणाऱ्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, संस्थेच्या पहिल्या सभासद. आधीची चासी दगडाला पोट आपटूनच मोडली, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गाडी उंच पाहिजे. किती उंच, असं अंकुशनं विचारलं.

"पोटाखालून शेळी गेली पायजे," सोजरआक्का म्हणाल्या. "शिंगासकट."

सभा भरली, ठराव पास झाला, शेळी आणली. शेळी अडकली.

पुढच्या बाजूला अंकुशनं स्प्रिंगचे जादा पट्टे घालून उंची साधली. मागे वेल्डिंग लागणार होतं, आणि वीज तर दिवसदिवस नाही. अंकुश खाटेवर पडून बराच वेळ विचार करत होता. मग उठला आणि म्हणाला, मागचा आस (दोन चाकांना जोडणारा जाड दांडा) उलटा करून बसवू. पट्टे जिथे बसतात ती बैठक खालची वर येईल, वेल्डिंगची गरजच नाही. वा रे पठ्ठ्या, असं मीही म्हटलं. जिवाभावानं काम झालं, शेळी परत आणली, आणि ती गाडीखालून ऐटीत पलीकडे गेली. टाळ्या पडल्या. टेम्पोवाल्याला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, बाबा, उद्यापासून येऊ नकोस.

सकाळी दूध जमलं. एखादी चक्कर मारून बघू म्हणत होते मी, पण नवी गाडी रिकामी काढायची नाही, असं सोजरआक्कांचं मत पडलं. कॅन चढले, मागची बाजू छतापर्यंत भरली. नारळ फुटला. समोर सगळ्या बायका ओळीनं उभ्या. मी पदर खोचला, पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी झपकन मागे जाऊन सोजरआक्कांच्या काटेरी कुंपणात शिरली.

दुसरा टाकला, तर आणखी मागे. तिसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. अंकुशनं कपाळावर हात मारला. आस उलटा केला म्हणजे चाकांचं फिरणंही उलटं झालं, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे आता मागे जायला तीन गियर, आणि पुढे जायला एकच, तोही रिव्हर्सचा. चारी चाकांना जोर देणारा गियरजवळचा दांडा ओढला असता तर पुढची चाकं एकीकडे आणि मागची दुसरीकडे ओढत बसली असती. टेम्पो येणार नव्हता. ऊन शेडच्या पायरीवर आलं होतं.

"आस काढून घालायला दुपार हुईल," अंकुश म्हणाला.

"दूध दुपारपर्यंत थांबत न्हाई," कुंदा म्हणाली. "ताई, जशी चालती तशी चालव."

डोंगरउतारावरून कुंदा, सोजरआक्का आणि मी अशा तिघी रिव्हर्सच्या गियरमध्ये पुढे गेलो. जोर भरपूर, पण चाल गोगलगायीची, आणि इंजिन ओरडत होतं. खालच्या कोरड्या ओढ्यात मागची चाकं वाळूत रुतली. पाठीमागून बायका पळतच आल्या होत्या. पोती अंथरली, खांदे लावले, आणि हो हो करत गाडी पार केली. डांबरी रस्ता लागला तेव्हा ऊन चटके द्यायला लागलं होतं. अशा चालीनं पोचलो असतो तर कॅनमधून दही उतरलं असतं. मग मी गाडी वळवून उलटी उभी केली. तीन गियर मागे आहेत ना? मग मागेच जाऊ.

अडचण एवढीच, की मला मागचं काही दिसत नव्हतं. नुसते कॅन. कुंदा मागच्या फळीवर रस्त्याकडे तोंड करून बसली, सोजरआक्कांनी तिची कमर धरली. ती "डावीकडं" ओरडली, मी डावीकडे वळवलं आणि गाडी थेट रस्त्याकडेच्या चराच्या काठावर गेली. तिची डावी ती माझी उजवी! मी नेहमीप्रमाणे तिच्यावर खेकसणार, तोच ती शांतपणे म्हणाली, "ताई, डावं-उजवं सोड. डोंगराकडं म्हनले की डोंगराकडं, रानाकडं म्हनले की रानाकडं."

आणि जमलं की! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उघडं रान. दोन्ही मला खिडकीतून दिसत होती. "डोंगराकडं जरा. सरळ. रानाकडं, बैलगाडी हाय. सरळ." मी दुसरा गियर धरून ठेवला. आमच्या मागून, म्हणजे माझ्या अगदी समोरून, एक मोटरसायकलवाला यायला लागला. मैलभर तो माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. शेवटी न राहवून तो ओरडला, "मावशी, कावून (का बरं) असं?"

"दूध नासतंय," मी ओरडले. त्यानं मान डोलावली, पुढे गेला आणि हॉर्न वाजवत समोरचा रस्ता मोकळा करत राहिला.

लहानपणापासून कुंदाला कुठे वळायचं ते मी सांगत आले. कुठली शाळा, कुठलं लुगडं, काय बोलायचं, काय नाही. इतक्या लांब, इतक्या कोरड्या गावात पडली म्हणून हळहळतही आले. त्या सकाळी मला पुढचा वीतभर रस्ता दिसत नव्हता आणि मी तिच्या आवाजावर गाडी हाकत होते. खरं सांगते, मला एकदाही भीती वाटली नाही. उलट हसू येत होतं, आणि डोळे भरून येत होते ते धुळीनं नव्हे.

केंद्रावर आम्ही पाठमोऱ्याच शिरलो. तिथल्या माणसानं काही न विचारता झाकण उघडलं, वास घेतला, पळीभर दूध ज्योतीवर धरलं. आम्ही तिघी पळीकडे बघत राहिलो. दूध उकळलं, फुगलं, वर आलं, आणि फाटलं नाही. एकेक कॅन त्यानं असाच तपासला. शेवटचा झाल्यावर म्हणाला, "उद्या याच वेळेला आना." सोजरआक्का तिथेच फरशीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

त्याच रात्री वीज आली. अंकुशनं बैठक वर जोडली, आस सुलटा केला, उंची शेळीच्या मापाची तशीच ठेवली. मग मी चारी चाकांचा दांडा ओढून ओढ्यातून गाडी काढली, एकदा गरज म्हणून आणि दोनदा हौस म्हणून. कुंदाच्या दिराला गियरची खोड समजावून दिली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा सभा. मला संस्थेची सभासद करून घ्यायचं, असं सगळ्यांच्या मनात होतं. पण नियम नियम असतो: जी दूध घालते तीच सभासद. माझ्या खानावळीत म्हैस कुठली? सोजरआक्का म्हणाल्या, घालू द्या की तिला उद्या.

पहाटे कुंदानं मला म्हशीखाली बसवलं. माझी सगळी हयात आयतं दूध विकत घेण्यात गेलेली. म्हशीनं दोनदा शेपटी मारली, तिसऱ्यांदा पान्हा सोडला. कुंदा मागून सांगत होती, दाबू नको, ओढू नको, नुसतं धर. ओंजळभर दूध निघालं. ते घेऊन मी शेडवर रांगेत उभी राहिले. मापात ओतलं. कुंदानं माझं नाव मोठ्यानं उच्चारलं, माहेरच्या आडनावासकट, आणि दूध कॅनमध्ये गेलं.

एसटी मला लिंबागणेशच्या फाट्यावर मिळाली. थोडं पुढे जातो न जातो तोच मागून हॉर्न वाजला आणि पांढरी जीप आम्हाला मागे टाकून केंद्राकडे निघून गेली. धुळीत ती दिसेनाशी झाली तरी मी बघत होते. तिच्या कॅनमध्ये माझं ओंजळभर दूध होतं.