लेनी ओपिट्झच्या दारावरचं कडं

पडद्याचे निम्मे आकडे दांडीला लावून झाले होते आणि उरलेला ओला पडदा माझ्या खांद्यावर होता. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गल्लीत सगळ्यांच्या काचा पुसलेल्या आणि पडदे धुतलेले असतात. नसले तर कुणी बोलत नाही, जाता-येता नुसतं वर बघतात. मी शिडीवर होते म्हणून मला दिसलं. एरविन ओपिट्झ कबुतरांना दाणे घालून ढाबळीकडून परत येत होता, हातात रिकामा डबा. आधी माझ्या दाराशी थांबला. दारावर टांगलेल्या हिरव्या पानांच्या कड्याकडे बघितलं. मग शेजारी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दाराशी गेला, तिथल्या कड्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे चालू लागला.

पडदा तसाच लोंबकळत ठेवून मी खाली धावले. ट्रामच्या थांब्याच्या अलीकडे त्याला गाठलं.

"एरविन, अरे निघालास कुठे?"

"घरी," तो म्हणाला, आणि डब्याने सगळी गल्ली दाखवली. "पण आज सगळीच घरं आमची झालीत. कुठल्या घरात शिरू, तेवढं सांग."

मी त्याच्या दंडाला धरून वळवलं. चालता चालता तो म्हणाला, "माझी कबुतरं फ्रान्समधून सोडली तरी जेवायच्या वेळेला हजर असतात, आग्नेस. त्यांना कोण दार दाखवतं?"

"त्यांना ढाबळीत दाणे मिळतात. तुला घरी लेनीचा आंबट कोबी. मीसुद्धा चुकले असते."

तो खूश होऊन हसला. त्याचं असं आहे. विनोद समजतो, कबुतरांची आईबापं पाठ आहेत, फक्त घर हरवतं.

आमची वस्ती कोळशाच्या खाणीच्या कंपनीने बांधलेली. विटांची एकसारखी घरं, एकसारख्या पायऱ्या, आणि दारं एकाच गडद हिरव्या रंगाची. रंग बदलायची परवानगी नाही. खाण बंद होऊन वर्षं झाली तरी नियम तोच. त्याची बायको लेनी लग्न होऊन इथे आली त्या पहिल्या हिवाळ्यात एरविन रात्रपाळी संपवून पहाटेच्या अंधारात आला तो शेजारच्या घरात शिरला आणि त्यांच्या कोचावर बूट काढून झोपला. सकाळी शेजारीण किंचाळली. लेनीला सासूने सुनावलं, "महिना झाला नाही लग्नाला, आणि नवरा दुसरीकडे झोपतो!"

लेनी तेव्हा स्मशानाच्या फाटकाशी असलेल्या फुलवाल्याकडे कामाला होती. दिवसभर मेलेल्यांसाठी पानाफुलांची कडी वळायची. त्याच संध्याकाळी तिने फर झाडाच्या उरलेल्या, सुयांसारख्या पानांच्या फांद्यांचं एक कडं वळलं आणि दारावर खिळा ठोकून लावलं. एरविनला म्हणाली, "जिथे कडं, ते आपलं घर. अंधारात हाताने चाचप. टोचलं तर आत ये."

सासूने कपाळाला हात लावला. मातीला न्यायची वस्तू दाराला! पण एरविन परत चुकला नाही. फरच्या सुया गळून गेल्यावर लेनीला प्रश्न पडला, आता पुढच्या नाताळापर्यंत याने काय बाहेर झोपायचं? तेव्हापासून वर्षभर तिचं दार कधी मोकळं नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात विलो झाडाच्या काड्या, मऊ राखाडी कळ्यांच्या. ईस्टरला कुंपणाच्या झुडपाची बारीक चकचकीत पानं आणि कांद्याच्या सालींत रंगवलेल्या अंड्यांची कवचं. ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टला बर्च झाडाची कोवळी पालवी, ती दोन दिवसांत मलूल होते तरी. भर उन्हाळ्यात, ऑगस्टात, मरियामातेच्या सणाला चर्चमध्ये आशीर्वाद घेतलेल्या वनस्पती, म्हणजे मग दारातून आत येताना पुदिना आणि ओव्यासारखा वास येतो. सुगीला गव्हाच्या ओंब्या आणि रानगुलाबाची लाल फळं. नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, शेवाळ आणि नुसतं शेवाळ.

मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हा तिनेच मला तार ओढायला शिकवलं. "तार घट्ट, पान सैल," म्हणायची. "नवऱ्याच्या उलट." हळूहळू सगळ्या बायका तिच्याकडे शिकल्या. आता प्रत्येक दारावर कडं असतं.

तर त्या दिवशी मी एरविनला घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती टेबलाशी बसून अंड्यांची कवचं तारेत ओवत होती. त्याला माझ्याबरोबर बघितल्यावर तिच्या बोटांतलं कवच फुटलं.

"परत?"

"कोपऱ्यापर्यंतच," मी म्हणाले.

एरविन बूट काढून आत रेडिओ ऐकायला गेला. लेनीने फुटलेले तुकडे तळहातावर गोळा केले. "नॉर्बर्टला सांगू नकोस," म्हणाली. नॉर्बर्ट तिचा मुलगा, कोलोनला असतो. नाताळच्या सुमारास एरविन दोनदा हरवला होता, एकदा तर पोलिसांनी आणून सोडला. तेव्हाच नॉर्बर्टने वृद्धाश्रमात एरविनचं नाव घातलं होतं, जिथे बाहेरचं दार कुलुपातच असतं. आता तिथे जागा झाली होती. ईस्टरला तो येऊन बघणार होता आणि मंगळवारी आश्रमाला हो की नाही ते कळवणार होता.

"मला वाटलं होतं गोळ्या लागू पडल्या," लेनी म्हणाली. "सबंध उपवासकाळ एकदासुद्धा चुकला नाही गं. रोज जायचा, दाणे घालायचा, सरळ घरी. आणि या रविवारपासून पुन्हा सुरू."

"दारावर त्याच्या नावाची पाटी लाव."

"लावली होती. म्हणाला, मी काय बालवाडीत आहे? उपटून चुलीत घातली. घराचा नंबर विचार, वाचून दाखवतो. तो आपला आहे, हेच त्याला पटत नाही."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या ओळीत एकेका दारावर हिरवं कडं, पिवळ्या फिती, रंगीत अंडी. रविवारी, चर्चमधल्या झावळ्यांच्या मिसाच्या प्रार्थनेहून आल्यावर, आम्ही सगळ्यांनी लावली होती. उपवासकाळात मात्र आमची दारं मोकळी असतात. एकट्या लेनीच्या दाराला तेवढ्या विलोच्या काड्या.

"लेनी," मी म्हणाले, "गोळ्या नव्हेत. उपवासकाळात कडं फक्त तुझ्याच दारावर होतं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या दारांकडे. तळहातावरचे तुकडे टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "नाही. तू कुणाला काही सांगायचं नाहीस. मीच शिकवलं सगळ्यांना, आता मीच म्हणू काढा म्हणून? पोरांना घेऊन बसून वळलीत त्यांनी."

मी घरी आले, पण पडद्याकडे बघवेना. वेदीवरची वस्त्रं इस्त्री करून द्यायची होती, ती घेऊन चर्चमध्ये गेले आणि फादरना सगळं सांगून, कडं काढू का म्हणून विचारलं. खरं सांगायचं तर मलाच जड जात होतं. चाळीस दिवस दार मोकळं ठेवायचं ते ईस्टरच्या हिरव्यासाठीच ना? प्रभू उठला आणि माझं दार तसंच उघडंबोडकं!

फादरनी वस्त्रांच्या घड्या हातावर घेतल्या. "आग्नेस, ईस्टरच्या पहाटे बायका कबरीपाशी गेल्या, तेव्हा तिथल्या दारावर कडं होतं का?"

"दारच नव्हतं, फादर. धोंडा होता."

"तोही बाजूला लोटलेला. जा, खिळ्यावरून काढून टाक."

माझं सगळ्यात आधी काढलं. मग घरोघर गेले. लेनीला कळू न देता जायचं ठरवलं होतं, पण आमच्या गल्लीत तसं काही जमत नाही. पलीकडचा ब्रुनो मात्स्के, बायको गेल्यापासून एकटा राहतो, त्याने मी वाक्य पुरं करायच्या आत कडं काढून माझ्या हातात दिलं. "मी लावतो तेच तुम्ही बायका बोलता म्हणून," म्हणाला. बाकीच्यांनीही फारशी कुरकुर केली नाही. एकीने विचारलं, "मागच्या दाराला लावलं तर चालेल ना?" चालेल म्हटलं. तो मागून येत नाही.

क्लापेकबाई मात्र अडून बसल्या. त्यांचं घर ढाबळीच्या बाजूने पहिलं आणि त्यांचं कडं गल्लीत सगळ्यांत मोठं, बैलगाडीच्या चाकाएवढं.

"माझ्या नातीचा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा समारंभ आहे ईस्टरनंतरच्या रविवारी," त्या दारातूनच म्हणाल्या. "पाहुणे येणार. दार मोकळं बघून लोक म्हणतील, या घरात काही शुभ नाही."

"लोक म्हणजे आपणच ना, क्लापेकबाई? आपल्याला तर माहीत आहे."

"डोकं त्याचं रिकामं आणि दार मी रिकामं करू?"

नमस्कार करून आले. संध्याकाळच्या जपमाळेत त्यांचं नाव घेतलं, पण चांगल्या मनाने घेतलं असं म्हणवत नाही.

गुड फ्रायडेच्या सकाळी मी लेनीला मासे द्यायला गेले होते. दार वाजलं. क्लापेकबाई उभ्या, चेहऱ्याने लाल झालेल्या, कमरेला ओला एप्रन, आणि त्यांच्या दंडाला धरून एरविन.

"घ्या तुमचा माणूस," त्या म्हणाल्या. "मी पायरी पुसत होते, दार उघडं होतं. हा सरळ आत. माझ्या टेबलाशी बसला आणि मला वर-खाली बघून म्हणतो, 'लेनी, केवढी सुटलीस गं!'"

लेनीने तोंडावर पदराचं टोक धरावं तसं एप्रनचं टोक धरलं. खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडते आहे.

"हसा, हसा. मग कॉफी मागितली. उपास म्हणून काळीच दिली. प्यायला आणि म्हणतो, 'आज कॉफी मात्र जमली तुला.'"

"आणि माझी?" लेनी म्हणाली. "माझी इतकी वर्षं जमली नाही होय रे?"

"चांगली होती," एरविन गंभीरपणे म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

क्लापेकबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने बूट दाराच्या डाव्या बाजूला ठेवले, टाचा भिंतीला, एकाला एक लावून. "माझ्याकडेही तसेच ठेवले होते," त्या हळू म्हणाल्या. "आमचे हे ठेवायचे तसे. खाणीतून आल्यावर." मग एप्रनला हात पुसले, जे आधीच कोरडे होते, आणि गेल्या.

शनिवारी त्यांचं दार मोकळं होतं. त्याच म्हणाल्या, "मागच्या बागेच्या फाटकाला लावलं. येतील पाहुणे मागून, कोळसेवाल्यासारखे."

नॉर्बर्ट शनिवारी रात्री आला. ईस्टरच्या सकाळी मिसा आटोपून मी अंडी घालून वेणीसारखा वळलेला गोड पाव घेऊन त्यांच्याकडे गेले, तर तो खिडकीपाशी उभा आणि लेनी त्याच्या कोटाला धरून.

"एकटा जाऊ दिलास? आई!"

"रोज जातो. कबुतरांना काय ईस्टरची सुट्टी असते?"

"मी आणतो त्यांना."

"तू इथे उभा राहायचं. आणि गप्प."

एवढ्या वर्षांत तिने मुलाला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिने त्याची बाही घट्ट धरली होती. मी पाव ठेवायला जागा शोधत होते तो हातातच धरून राहिले.

एरविन कोपऱ्यावरून आला. क्लापेकबाईंच्या दाराशी त्याची पावलं मंदावली. खिडकीतला पडदा किंचित हलला, एवढंच. तो पुढे आला. माझ्या दाराशी मात्र थांबला. रंगावर कड्याचा पुसट गोल उमटलेला होता, खिळा तसाच. त्याने खिळ्याला बोट लावलं. नॉर्बर्टने दाराकडे पाऊल उचललं. लेनीने त्याची बाही आणखी घट्ट धरली.

"इथलं पाखरू उडालं वाटतं," एरविन स्वतःशीच म्हणाला. आम्हाला उघड्या तावदानातून ऐकू आलं.

मग तो दोन पावलं पुढे आला, आमच्या डोळ्यांसमोरून नाहीसा झाला, आणि दारावर अंड्यांची कवचं किणकिणली. हाताने चाचपत असणार, अंधारात चाचपायचा तसं. दार उघडलं. बूट काढल्याचा आवाज. आत येऊन त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि मुलाकडे बघितलं.

"नॉर्बर्ट! तू कधी आलास? घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

नॉर्बर्ट वडिलांकडे बघत राहिला, तोवर कॉफी उतू गेली. ती मीच पुसली. शेवटी तो म्हणाला, "मंगळवारी त्यांना फोन करतो. सांगतो की इतक्यात नको. उन्हाळ्यापर्यंत बघू."

"उन्हाळ्यात वनस्पतींचं कडं असतं," लेनी म्हणाली. "ते तर वासानेच सापडतं."

मी घरी येऊन पडद्याचे उरलेले आकडे लावले. सणाच्या दिवशी शिडीवर चढणं बरोबर नाही, पण आठवडाभर तो अर्धाच लोंबकळत होता आणि देवाने तो बघितलाच होता.

पेंटेकॉस्टच्या बर्चसाठी लेनीची तार संपली आहे. उद्या ईस्टरचा सोमवार, दुकानं बंद, म्हणून मंगळवारी सकाळी एरविनला बरोबर घेऊन ती स्मशानाच्या फाटकाशी असलेल्या फुलवाल्याकडे तारेचं नवं रीळ आणायला जाणार आहे.